गिऱ्हाइकाचे प्रश्न आणि संकेतस्थळाची पाने: सोलापूरच्या व्यावसायिकांसाठी एसईओची कार्यपद्धती

सोलापुरात चादरी, टॉवेल, गणवेश किंवा शेंगा चटणी विकणाऱ्या एखाद्या दुकानदाराला त्याचे संकेतस्थळ दाखवायला सांगितले, तर बहुतेक वेळा पहिल्या पानावर फिरती चित्रे, 'आमच्याविषयी' या सदरात संस्थापकांचे छायाचित्र, 'गुणवत्ता हेच आमचे ध्येय' अशी एक ओळ आणि तळाशी संपर्काचा फॉर्म एवढेच दिसते. त्याच दुकानात गल्ल्याजवळ अर्धा तास बसले, तर फोनवर निराळेच ऐकू येते. डबल बेडची चादर किती बाय किती आहे, धुतल्यावर रंग जातो का, लग्नात आहेर म्हणून पन्नास नग घेतले तर दर काय पडेल, पुण्याला पार्सल किती दिवसांत पोहोचेल, चटणी किती दिवस टिकते, बिनलसणाची मिळते का. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर संकेतस्थळावर लिहिलेले नसते आणि लोक गुगलवर टाइप करतात ते नेमके हेच प्रश्न. एसईओ (सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन), म्हणजे शोधयंत्रात आपले संकेतस्थळ सापडावे यासाठीचे काम, या नावाखाली जे करायचे असते, त्याचा मोठा भाग हे अंतर बुजवण्याचा आहे. उरलेला भाग तांत्रिक आहे आणि आवश्यकही आहे, परंतु तो एकदा नीट करून ठेवला की त्याला वरचेवर हात लावावा लागत नाही.

पुढील विवेचनात सोयीसाठी एक काल्पनिक दुकान धरले आहे: अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःचे यंत्रमाग, शहरात किरकोळ विक्रीचे दुकान आणि परगावची घाऊक गिऱ्हाइके. व्यवसाय दुसरा असला तरी क्रम हाच राहील.

शोधयंत्र काय करते

गुगलचे काम तीन टप्प्यांत चालते. प्रथम त्याचा गुगलबॉट नावाचा प्रोग्रॅम दुव्यांवरून दुव्यांवर जात पाने वाचतो. वाचलेल्या पानांतून निवडक पाने तो आपल्या सूचीत नोंदवतो. कोणी काही शोधले की त्या सूचीतील पाने प्रश्नाशी ताडून क्रमाने मांडतो. पान सूचीतच नसेल तर क्रमाचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि 'आमची साइट दिसत नाही' अशी तक्रार घेऊन येणाऱ्या कित्येकांचे घोडे याच दुसऱ्या टप्प्यावर अडलेले असते. नैसर्गिक निकालांतील स्थानासाठी गुगल पैसे घेत नाही आणि जाहिरातीवर खर्च केल्याने ते स्थान वरही जात नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कोणालाच देता येत नाही, हे गुगलने स्वतः लिहून ठेवले आहे. त्यामुळे 'तीस दिवसांत नंबर वन' असे सांगणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावे.

पहिली पायरी: मालकी स्वतःकडे घ्यावी

डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता), होस्टिंग (संकेतस्थळ ठेवण्याची जागा), सर्च कन्सोल (संकेतस्थळ शोधात कसे दिसते हे दाखवणारे गुगलचे साधन), गुगल बिझनेस प्रोफाइल (गुगलच्या नकाशावरील दुकानाची नोंद) आणि जाहिरातीचे खाते या पाचही गोष्टी मालकाच्या स्वतःच्या ई-मेलवर असल्या पाहिजेत. संकेतस्थळ बनवून देणाऱ्याला त्यात प्रवेश द्यावा, मालकी देऊ नये. हे मी अनुभवावरून लिहितो. मी देखभाल करत असलेल्या एका संकेतस्थळाचे डोमेन ते बनवून देणाऱ्याच्या नावावर होते. त्याने धंदा बंद केला, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ई-मेलवर गेली आणि मुदत संपून तो पत्ता दुसऱ्याने घेतला. खोके, पिशव्या आणि बिलबुकांवर छापलेला पत्ता एका दिवसात निरुपयोगी झाला. शिवाय त्या पत्त्याकडे इतरांनी दिलेले दुवे आणि गुगलकडे साठलेली ओळखही गेली. डोमेन शक्य तर एकदम काही वर्षांसाठी घ्यावे, आणि फोनवर एकदा सांगितल्यावर समोरच्याला लिहिता येईल असे नाव निवडावे.

फुकटच्या जागेवर दुकान थाटण्यातील धोकाही येथेच सांगतो. बिझनेस प्रोफाइलमधून एकपानी संकेतस्थळ विनामूल्य बनवून देण्याची गुगलची सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली आणि ज्यांनी तोच पत्ता आपला कायमचा पत्ता मानला होता, त्यांना नव्याने सुरुवात करावी लागली. समाजमाध्यमांवरचे पानही परक्या जागेवरचेच असते. ते जरूर असावे, पण मूळ मजकूर स्वतःच्या डोमेनवर ठेवावा.

दुसरी पायरी: प्रश्नांची वही

दोन आठवडे गल्ल्यावर एक वही ठेवावी. फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि दुकानात आलेला प्रत्येक प्रश्न गिऱ्हाइकाच्याच शब्दांत लिहावा. 'घाऊक खरेदीविषयी चौकशी' असे नीटनेटके करून लिहू नये. 'शंभर घेतल्या तर किती कमी कराल' असे बोलले असतील तर तसेच लिहावे. शेजारी गाव आणि पुढे विक्री झाली की नाही एवढे दोन रकाने पुरेत. दोन आठवड्यांनंतर वही चाळली की तेच सात-आठ प्रश्न वेगवेगळ्या तोंडी पुन्हा पुन्हा आलेले दिसतात. संकेतस्थळाचा आराखडा त्यातूनच निघतो.

ही यादी मग शोधयंत्रावर तपासावी. गुगलच्या चौकटीत शब्द टाइप करायला सुरुवात केली की खाली ज्या सूचना येतात त्या लोकांच्या खऱ्या शोधांवर आधारलेल्या असतात. निकालांच्या मध्ये येणारी संबंधित प्रश्नांची पेटी आणि तळाशी येणारे संबंधित शोधही टिपून घ्यावेत. कोणत्या महिन्यात कोणत्या शब्दाला मागणी असते, हे गुगल ट्रेंड्सवर विनामूल्य पाहता येते. जाहिरात खात्यातील कीवर्ड प्लॅनर शोधांची अंदाजे संख्या देतो, पण ती ढोबळ असते आणि छोट्या शहरातल्या मराठी शब्दांसाठी कित्येकदा काहीच दाखवत नाही. तो आकडा शून्य दिसला म्हणून वहीत नऊ वेळा आलेला प्रश्न सोडून देऊ नये.

आपल्याकडे एक वेगळी अडचण आहे. एकाच वस्तूला लोक चादर म्हणतात आणि चद्दरही. रोमन लिपीत लिहिताना कोणी एक डी वापरतो, कोणी दोन. कोणी शेंगा चटणी शोधतो, तर मुंबईकडचा माणूस शेंगदाणा चटणी. या रूपांतील साम्य गुगलला बरेचसे कळते, सगळे कळत नाही. म्हणून मुख्य रूप शीर्षकात आणि दुसरे रूप मजकुरात सहजपणे एखाद्या वेळी यावे. पानाच्या तळाशी पंधरा रूपांची माळ ओवणे मात्र त्याज्य आहे. पानाच्या कोडमध्ये लपवून लिहिलेला कीवर्ड टॅग क्रमासाठी वापरत नसल्याचे गुगलने २००९ मध्येच जाहीर केले होते, तरीही त्याचे पैसे आकारणारे आजही भेटतात.

यानंतर प्रश्नांमागचा हेतू वेगळा काढावा. 'सोलापुरी चादर खरी कशी ओळखावी' असे विचारणाऱ्याला माहिती हवी आहे. 'सोलापूरमध्ये चादरीचे दुकान' शोधणारा रेल्वे स्टेशनवर उतरून रिक्षा शोधत असण्याची शक्यता आहे. 'होलसेल दर' विचारणारा तिसराच. या तिघांना एकाच पानावर कोंबले की ते पान तिघांच्याही उपयोगाचे राहत नाही, म्हणून प्रत्येक हेतूसाठी स्वतंत्र पान करावे. आपल्या काल्पनिक दुकानाला यातून आठ ते दहा पाने पुरतात; शंभर पानांचे संकेतस्थळ असले म्हणजे गुगल अधिक मानतो, ही समजूत निराधार आहे.

तिसरी पायरी: एक पान कसे लिहावे

डबल बेडच्या चादरीचे पान घेऊ. शोधनिकालात निळ्या अक्षरांत दिसते ते पानाचे शीर्षक. अनेक संकेतस्थळांवर तेथे केवळ 'होम' किंवा दुकानाचे नाव असते. त्याऐवजी 'डबल बेड सोलापुरी सुती चादर: मापे, दर आणि घाऊक चौकशी' असे लिहिले तर शोधणाऱ्याला आणि गुगललाही विषय कळतो. शीर्षकाची लांबी गुगलने ठरवून दिलेली नाही, मात्र पडद्यावरची जागा संपली की ते कापले जाते, म्हणून महत्त्वाचे शब्द आरंभी यावेत. त्याखालच्या दोन ओळींच्या वर्णनाने क्रम बदलत नाही, पण क्लिक करावे की नाही हे माणूस त्यावरून ठरवतो. तेथे 'उत्कृष्ट दर्जा, वाजवी दर' लिहून जागा वाया घालवू नये. माप, किमान नग आणि पार्सलची सोय लिहावी. प्रत्येक पानाचे शीर्षक आणि वर्णन वेगळे असले पाहिजे.

मजकुराचा पहिला परिच्छेद थेट उत्तराचा असावा. त्यानंतर मापांचा तक्ता, वजन, सुताचा प्रकार, धुण्याची पद्धत, रंगांविषयी खरी माहिती, नगांच्या संख्येप्रमाणे दर आणि पार्सलचा कालावधी यावा. दराविषयी माझे मत ठाम आहे. 'दरासाठी संपर्क साधा' असे लिहिणारा व्यापारी समजतो की त्याने स्पर्धकापासून दर लपवला. स्पर्धक एक फोन करून तो दर काढतोच. मागे फिरतो तो गिऱ्हाईक. नेमका आकडा देणे शक्य नसेल तर निदान 'अमुक ते अमुक रुपये' अशी मर्यादा द्यावी आणि ती कोणत्या तारखेची आहे तेही लिहावे.

या पानाला दुसऱ्या कोणाला सहज देता येणार नाही असे काहीतरी लागते, आणि सोलापूरच्या उत्पादकाकडे ते आयतेच असते. माग चालतानाचे छायाचित्र, जकार्डवर (नक्षी विणण्याच्या मागाच्या यंत्रणेवर) नक्षी कशी उतरते याचे चार वाक्यांत वर्णन, चादरीची उलट बाजू, किनार जवळून. सोलापुरी चादर आणि सोलापूर टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. त्याचा अर्थ काय, बाजारात त्याच नावाने विकला जाणारा परगावचा माल कसा ओळखावा, हे मागावर हात बसलेला माणूस जसे सांगेल तसे दूर बसलेला लेखनिक सांगू शकत नाही. गुगलच्या गुणवत्तेच्या निकषांत डिसेंबर २०२२ पासून प्रत्यक्ष अनुभवाचा मुद्दा स्वतंत्रपणे घातला गेला, तो याच कारणासाठी महत्त्वाचा आहे. २०२४ पासून भारतातही काही प्रश्नांना गुगल सर्वांत वर यंत्राने तयार केलेले उत्तर दाखवतो. 'सुती कापड कसे धुवावे' अशा सर्वसाधारण प्रश्नाचे वाचन तेथेच संपते. त्यामुळे कोणीही लिहू शकेल असा मजकूर लिहिण्यात आता पूर्वीपेक्षा कमी अर्थ उरला आहे. स्वतःच्या मालाविषयीचे तपशील मात्र आपल्यालाच द्यावे लागतात.

छायाचित्रांच्या फाइलला कॅमेऱ्याने दिलेला क्रमांक न ठेवता वस्तूचे नाव द्यावे आणि चित्राला जोडायच्या पर्यायी मजकुरात (ऑल्ट टेक्स्ट) चित्रात जे दिसते ते एका वाक्यात लिहावे. अंध व्यक्तींचा स्क्रीन रीडर तेच वाचतो आणि चित्रशोधातही त्याचा उपयोग होतो.

मराठीचा प्रश्न

आपल्या भागातील संकेतस्थळांचे सर्वांत मोठे नुकसान येथे होते, म्हणून यावर थोडे थांबणे भाग आहे. दुकानाची माहितीपत्रके आणि फ्लेक्स डीटीपीवाल्याकडून केलेले असतात आणि तो मजकूर अनेकदा जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असतो. तो कॉपी करून संकेतस्थळावर चिकटवला की रोमन अक्षरे आणि चिन्हांचा खिचडा होतो. मग घाईघाईने त्या माहितीपत्रकाचे चित्रच पानावर लावले जाते. माणसाला ते वाचता येते. शोधयंत्राच्या दृष्टीने मात्र ते पान जवळपास कोरे असते, आणि मोबाइलवर तर माणसालाही ते बोटांनी मोठे करून पाहावे लागते. सगळा मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टंकावा किंवा रूपांतर करून जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घालावेत. रूपांतरात 'र्‍या' आणि 'र्य' यांची हमखास गफलत होते.

भाषा कोणती ठेवावी, याचे उत्तर वहीतल्या गावांच्या रकान्यात मिळते. सोलापूर हे मराठीबरोबरच तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारे शहर आहे. विजयपूर, कलबुर्गी किंवा हैदराबादकडून येणारे घाऊक गिऱ्हाईक मराठी पान वाचेलच असे नाही. ज्या भाषेत तुम्ही फोनवर धंदा करू शकता, त्या भाषेचे पान करावे. प्रत्येक भाषेला स्वतंत्र पत्ता असावा, एकाच पानावर आलटून पालटून दोन भाषा नसाव्यात, आणि ही पाने एकमेकांची भाषांतरे आहेत हे सांगणारा एचरेफलँग हा संकेत बनवणाऱ्याकडून लावून घ्यावा. यंत्राने केलेले भाषांतर त्या भाषेच्या माणसाने तपासल्याशिवाय लावू नये. सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या कोणत्याही व्यावसायिकाला तेलुगू वाचणारा माणूस शोधायला दोन घरांपलीकडे जावे लागणार नाही.

पानाचा पत्ता देवनागरीत ठेवता येतो, परंतु व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना तो टक्केचिन्हे आणि आकड्यांच्या लांबलचक रांगेत बदलू शकतो आणि पाहणाऱ्याला संशय येतो. व्यवहाराच्या दृष्टीने मजकूर मराठीत आणि पत्ता आखूड रोमन अक्षरांत, हे बरे.

चौथी पायरी: तांत्रिक बाजू

सर्च कन्सोल हे गुगलचे विनामूल्य साधन आहे. त्यात संकेतस्थळाची मालकी सिद्ध करावी आणि साइटमॅप सादर करावा. साइटमॅप म्हणजे पानांची यादी. एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते मावतात, म्हणजे आपल्यासारख्यांना ती मर्यादा कधीच आड येत नाही. त्यानंतर महत्त्वाचे प्रत्येक पान पत्ता तपासण्याच्या चौकटीत घालून ते सूचीत आहे का ते पाहावे. झटपट तपासणीसाठी गुगलवर इंग्रजी अक्षरांत 'साइट' हा शब्द, त्याला लागून कोलन आणि लगेच आपले डोमेन लिहावे; सूचीतील बरीचशी पाने समोर येतात.

एकही पान आले नाही तर घाबरण्याआधी एक जागा पाहावी. संकेतस्थळ तयार होत असताना अर्धवट पाने शोधात येऊ नयेत म्हणून वर्डप्रेसमध्ये (संकेतस्थळ बनवण्याच्या प्रणालीत) सेटिंग्जच्या रीडिंग विभागातील शोधयंत्रांना परावृत्त करणारी चौकट टिचकी मारून ठेवलेली असते आणि काम संपल्यावर ती काढायची राहून जाते. नव्या रूपात आलेल्या एका संकेतस्थळावर मी स्वतः ही चूक केली आहे. सात आठवडे चौकशा का घटल्या याची कारणे मी मजकुरात, हंगामात आणि स्पर्धकांत शोधत बसलो होतो. शोधयंत्रांना सूचना देणाऱ्या रोबोट्स फाइलविषयीही असाच गैरसमज आढळतो. त्या फाइलने पान वाचायला मनाई होते. सूचीतून काढून टाकण्याची ती खात्रीशीर पद्धत नव्हे. त्यासाठी पानावर नोइंडेक्स ही सूचना लागते आणि ती वाचता यावी म्हणून रोबोट्स फाइलमध्ये त्या पानाला मनाई नसावी लागते.

गुगल आता पानाची मोबाइलवरील आवृत्तीच प्रमाण मानतो. हा बदल २०१६ मध्ये जाहीर झाला आणि २०२३ मध्ये पूर्णत्वास गेला. संकेतस्थळ संगणकावर पाहून पसंत करणे त्यामुळे चुकीचे आहे. साध्या किमतीचा फोन घ्यावा, वायफाय बंद करावे आणि मोबाइल डेटावर पान उघडावे. मोजमापासाठी पेजस्पीड इनसाइट्स हे पानाचा वेग तपासणारे गुगलचे साधन वापरावे. पानातील सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांत दिसावा, स्पर्शाला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत मिळावा आणि मजकूर वरखाली उडण्याचे प्रमाण ०.१ पेक्षा अधिक नसावे, अशा गुगलच्या अपेक्षा आहेत. बहुतेक ठिकाणी दोष फोनवरून थेट चढवलेल्या, चार-पाच एमबीच्या छायाचित्रांचा असतो. ती वेबपी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात करून लागेल तेवढ्याच रुंदीची ठेवावीत आणि पहिल्या पानावरची फिरती चित्रे काढून टाकावीत. ती दुकानदारालाच आवडतात. गिऱ्हाईक दुसरे चित्र येईपर्यंत थांबत नाही.

पत्ता एचटीटीपीएसचा, म्हणजे सुरक्षित जोडणीचा, असावा. एखाद्या पानाचा पत्ता बदलला तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ प्रकारचे कायमस्वरूपी वळण द्यावे. संकेतस्थळ नव्याने बनवताना हे काम वगळले जाते आणि वर्षानुवर्षांची ओळख त्यात वाहून जाते, म्हणून करारातच जुन्या-नव्या पत्त्यांची यादी मागावी.

पाचवी पायरी: नकाशावरील नोंद

प्रत्यक्ष दुकान असलेल्याला संकेतस्थळाइतकाच, कधी त्याहून जास्त उपयोग बिझनेस प्रोफाइलचा होतो. स्थानिक निकाल प्रामुख्याने तीन गोष्टींवर ठरतात: शोधाशी जुळणी, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि दुकानाची ख्याती. अंतर आपल्या हाती नाही. जुळणीसाठी मुख्य प्रकार अचूक निवडावा आणि नाव पाटीवर आहे तेच द्यावे. नावाच्या शेपटीला 'सोलापुरी चादर होलसेल बेस्ट शॉप' असे जोडणे नियमाविरुद्ध आहे आणि त्यावरून नोंद स्थगित होऊ शकते. पडताळणीसाठी गुगल अनेकदा चित्रफीत मागतो. तीत रस्ता, पाटी आणि आतले कामकाज सलग दिसावे, म्हणून ती गर्दी नसताना घ्यावी. गावठाणातील गल्ल्यांमध्ये नकाशाची खूण पुष्कळदा मागच्या बोळात पडलेली असते. ती स्वतः चालत जाऊन तपासावी. नाव, पत्ता आणि फोन संकेतस्थळावर, प्रोफाइलवर आणि इतर व्यापारी निर्देशिकांवर एकसारखे ठेवावेत.

सुट्ट्यांच्या वेळा भरण्याकडे दुर्लक्ष होते. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेला परगावचे लोक शहरात असतात आणि नेमक्या त्याच दिवसांत नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे दुकानाची वेळ बदलते. नोंदीवर 'उघडे' पाहून आलेला माणूस बंद शटर पाहून परत गेला तर तो एक तारा देऊन जातो.

अभिप्राय खरे गिऱ्हाईकच देईल अशी व्यवस्था करावी. अभिप्रायाच्या दुव्याचा क्यूआर कोड बिलावर छापावा आणि माल पोहोचल्यावर एकदा विनंती करावी. अभिप्रायाच्या बदल्यात सूट देणे गुगलच्या धोरणात बसत नाही. वाईट अभिप्रायाला दोन दिवसांत शांतपणे उत्तर द्यावे. ते उत्तर तक्रारदारापेक्षा पुढे येणारी गिऱ्हाइके वाचतात, हे लिहिताना ध्यानात असावे.

सहावी पायरी: दुवे

इतर संकेतस्थळांनी आपल्याकडे दिलेला दुवा हा गुगलच्या आरंभापासून महत्त्वाचा संकेत आहे. पाचशे दुवे अमुक रुपयांत, असे पुडके विकत घेऊ नये. क्रम ठरवण्याच्या पद्धतीत २०१२ मध्ये केलेल्या पेंग्विन नावाच्या बदलापासून अशा बनावट दुव्यांवर गुगलने नेम धरला आहे. त्याऐवजी जेथे आपला खरा संबंध आहे तेथे विचारावे: ज्या व्यापारी संघटनेचे सभासद आहात ती, तुमचा माल ठेवणारी परगावची दुकाने, ज्या शाळांना गणवेश पुरवता त्या, ज्या प्रदर्शनात गाळा घेतला त्याचे आयोजक. असे दहा दुवे वर्षभरात मिळाले तरी पुष्कळ झाले.

सातवी पायरी: जाहिरात आणि व्हॉट्सअ‍ॅप

एसईओचा परिणाम दिसायला काही दिवसांपासून काही महिने लागू शकतात. त्या काळात, आणि हंगामात, गुगलच्या शोध जाहिरातींचा आधार घेता येतो. येथे पैसे गळण्याच्या तीन जागा ठरलेल्या आहेत. पहिली स्थाननिवडीची: मूळ सेटिंगमध्ये त्या ठिकाणी असलेल्यांबरोबरच त्या ठिकाणाविषयी रस दाखवणाऱ्यांनाही जाहिरात दिसते. किरकोळ दुकानाने ती प्रत्यक्ष उपस्थितीपुरती मर्यादित करावी. घाऊक विक्रेत्याने मात्र मुद्दाम दूरची शहरे निवडावीत. दुसरी नकारात्मक शब्दांची: 'नोकरी', 'फोटो', 'जुनी', 'फुकट' असे शब्द वगळण्याच्या यादीत घालावेत आणि ही यादी दर आठवड्याला शोधशब्दांचा अहवाल पाहून वाढवावी. तिसरी जागा म्हणजे शोध जाहिरातीबरोबर आपोआप जोडले जाणारे डिस्प्ले नेटवर्क, म्हणजे इतर संकेतस्थळांवर व अ‍ॅपमध्ये दिसणाऱ्या जाहिराती. आरंभी ते बंद ठेवावे. दररोजच्या सरासरी अंदाजपत्रकाच्या दुपटीपर्यंत एखाद्या दिवशी खर्च होऊ शकतो, महिन्याचा हिशेब मात्र त्या सरासरीच्या ३०.४ पटींत राहतो, हे माहीत असले म्हणजे सकाळी आकडा पाहून धडकी भरत नाही.

खर्च परवडतो का, हे क्लिकच्या दरावरून ठरवू नये. समजा ३,००० रुपयांत ३०० क्लिक आले, त्यातून २४ चौकशा आणि ६ विक्री झाल्या, तर एका विक्रीचा जाहिरात खर्च ५०० रुपये पडला. एकेक चादर विकून सुटणारा नफा १५० रुपये असेल तर हा शुद्ध तोटा आहे. त्या सहांतील दोन विक्री आहेराच्या शंभर-शंभर नगांच्या असतील तर हीच जाहिरात उत्तम आहे. म्हणून जाहिरात किरकोळ पानावर न नेता घाऊक चौकशीच्या पानावर न्यावी, असे मी आपल्या काल्पनिक दुकानदाराला सांगेन.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये मालाची यादी, झटपट उत्तरे आणि गिऱ्हाइकांना खुणा लावण्याची सोय आहे. ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ जण मावतात आणि ज्यांनी तुमचा क्रमांक आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तो संदेश पोहोचतो. त्यामुळे माल देताना 'आमचा नंबर सेव्ह करून ठेवा' असे सांगणे हाही विपणनाचाच भाग ठरतो. ज्यांनी संमती दिलेली नाही अशांचे क्रमांक विकत घेऊन संदेश पाठवू नयेत. क्रमांक बंद होण्याची जोखीम तर आहेच, शिवाय विनासंमती माहिती वापरणे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या उद्देशाविरुद्ध आहे.

संकेतस्थळावरून थेट विक्री करत असाल तर २०२० चे ई-कॉमर्स नियमही लागू होतात. विक्रेत्याचे नाव व पत्ता, करांसह एकूण किंमत, परतीची अट आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क पानावर असावा. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. चटणी विकणाऱ्याने एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांकही द्यावा.

आठवी पायरी: मोजमाप आणि वर्षाचे वेळापत्रक

दररोज स्वतःच्या फोनवर शोधून क्रमांक पाहणे निरर्थक आहे, कारण तुम्ही कोठे आहात आणि आधी काय पाहिले यावर निकाल बदलतो. महिन्यातून एकदा सर्च कन्सोलमधील कामगिरीचा अहवाल उघडावा. त्यात १६ महिन्यांची माहिती मिळते. प्रथम अशी पाने शोधावीत जी पुष्कळांना दिसतात पण ज्यांवर क्लिक कमी येतात. त्यांचे शीर्षक आणि वर्णन बदलावे. मग सरासरी आठव्या ते विसाव्या स्थानावर असलेले शोध पाहावेत. त्या पानांवर वहीतला आणखी एखादा प्रश्न सोडवला तर ती वर सरकण्याची शक्यता असते. संकेतस्थळावर लोक काय करतात हे मोजणाऱ्या गुगल अ‍ॅनालिटिक्समध्ये फोनच्या बटणावरील आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणावरील स्पर्श या दोनच घटना मोजल्या तरी छोट्या व्यवसायाला पुरे. फोन उचलल्यावर 'आमची माहिती कोठे मिळाली' हे विचारून वहीत लिहिण्याची सवय ठेवली, तर यंत्राच्या आकड्यांतील फटी भरून निघतात.

वर्षाची आखणी हंगामाच्या आधी करावी, कारण पान सूचीत येऊन स्थिरावायला वेळ लागतो. जूनच्या गणवेशाचे पान मार्चमध्ये, थंडीच्या चादरींचे ऑगस्टमध्ये, लग्नसराईतील आहेराचे दिवाळीपूर्वी तयार असावे. पंढरपूर, अक्कलकोट आणि तुळजापूरला जाणारे भाविक सोलापुरात थांबून खरेदी करतात. त्यांच्यासाठी स्टेशन आणि बसस्थानकापासून दुकानापर्यंतचा मार्ग, वाहन लावण्याची जागा आणि रविवारची वेळ सांगणारे एक पान बाराही महिने चालते. हंगामी पानाचा पत्ता दरवर्षी बदलू नये. पत्त्यात वर्ष घातले की पुढच्या वर्षी नवे पान करावे लागते आणि जुन्याने मिळवलेले सारे मागे राहते. पत्ता तोच ठेवून आतले दर, मापे आणि छायाचित्रे बदलावीत, आणि बदलाची तारीख वर लिहावी.

ही कामे एका माणसाला आठवड्यातून तीन तास दिल्यास होतात. पहिल्या महिन्यात मालकी आणि वही, दुसऱ्यात तीन महत्त्वाची पाने आणि सर्च कन्सोल, तिसऱ्यात नकाशावरील नोंद आणि उरलेली पाने, हा क्रम मला व्यवहार्य वाटतो. जाहिरात त्यानंतरच सुरू करावी, कारण तोपर्यंत गिऱ्हाइकाला नेऊन बसवण्याजोगे पानच नसते. वही मात्र तिसऱ्या महिन्यानंतरही गल्ल्यावरच राहू द्यावी. पार्सलचे दर बदलले, नवीन माप आले किंवा एखाद्या रंगाविषयी चार तक्रारी आल्या की त्या पहिल्यांदा तेथेच उमटतात.